दाईचा मुलगा

प्रिय दत्ता,

'अहो दत्तप्रसाद' असं लिहिणार होते. मी सात वर्षांची असताना तुझ्या आईनं, काकूंनी, मला तसंच बजावलं होतं. तू माझ्याहून वर्षानं लहान आणि चड्डीची नाडी माझ्याकडून बांधून घेणारा, तरी तू 'अहो' आणि मी 'ए मैना'. आज मात्र मी तुला 'तू'च म्हणणार आहे, कारण अहो म्हणून भांडता येत नाही.

तुझं नाटक वाचलं. माझ्या आईला निमंत्रण द्यायला तू स्वतः धायरीला आलास, खुर्ची असून तिच्या पायाशी बसलास आणि जाताना संहिता माझ्या हातात ठेवून म्हणालास, आयुष्यभर मराठी शिकवलंयस, जरा शुद्धलेखन बघ. बघितलं. शुद्धलेखन उत्तम आहे.

पात्रांच्या यादीत राजपुत्राला नाव आहे, सेनापतीला आहे, राजपुत्राच्या घोड्यालासुद्धा आहे. राजपुत्राऐवजी जो मारला जातो तो मात्र नुसता 'दाईचा मुलगा'. आणि दाई त्याला स्वतःच्या हातानं मारेकऱ्यांसाठी निजवते, वर डोळ्यांत टिपूस न आणता स्वामिनिष्ठेवर दीड पान बोलते. दीड पान, दत्ता! जिचं पोर मरायला निघालंय त्या बाईला एवढा दम कुठून येतो रे?

तुम्हा लोकांच्या गोष्टींतले नोकर सगळे असेच. तुझ्या मंडळाच्या विनोदी नाटकात ते खांद्यावर फडकं टाकून 'व्हय जी' करत येतात आणि कर्वेनगरची अख्खी सोसायटी पोट धरून हसते. ऐतिहासिक नाटक असलं की तेच धन्याचे कपडे चढवून हसत हसत मरतात. कीर्तनाला जावं, तर देव भक्ताच्या घरी पाणी भरायला राहिला म्हणून बुवांचा गळा दाटून येतो. देव यायच्या आधी त्या घरात पाणी कोण भरत होतं, ते कुणाला विचारावंसं वाटत नाही. मी एकदा विचारलं, तर शेजारच्या बाईंनी मला कोपर मारलं.

पण हे सगळं मी गिळलं असतं. अर्पणपत्रिका गिळवत नाही. 'पोटच्या पोराचा त्याग करून मला वाचवणाऱ्या वेणूबाईंना.' म्हणजे माझ्या आईला. त्याग हा शब्द तुला काकूंनी दिला. त्या आता नाहीत, म्हणून माझ्याकडून ऐक.

आई तुमच्याकडे स्वयंपाक करायची आणि तुला सांभाळायची. तुला गोवर निघाला तेव्हा काकूंनी तिला घरी जाऊ दिलं नाही, ती रात्रंदिवस तुझ्या उशाशी. त्याच आठवड्यात माझ्या भावाला, संभाजीला, गोवर निघाला. चार वर्षांचा होता. त्याच्या उशाशी मी होते. बाबा सायकल मारत तुमच्या दारात गेले. काकू म्हणाल्या, सांगते तिला. सांगितलं नाही. बाबा पुन्हा गेले, तेव्हाही दारातूनच परत पाठवलं. बाबांनी तिथं ओरडायला हवं होतं, पण त्यांना मोठ्या घरासमोर ओरडायची सवय नव्हती. तुझा ताप उतरल्यावर काकूंनी आईच्या हातात साडी आणि नारळ ठेवला आणि मग सांगितलं. ती घरी पोचली तेव्हा संभाजीला पोचवून माणसं परत आली होती.

तिनं त्याग केला नाही, दत्ता. तिला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर ती तुला तापात टाकून अनवाणी धायरीला पळत आली असती, आणि मला तिचा आजच्याहून जास्त अभिमान वाटला असता. तू तेव्हा लहान होतास, तुझा दोष नाही. पण आता तुझे केस पिकलेत आणि नाटक तू लिहिलंयस.

आईला रविवारी प्रयोगाला पाठवायचं नाही असं मी ठरवलं होतं. ती ऐकत नाही. लुगडं काढून उन्हात घातलंय. काल मला म्हणाली, "मैना, दत्तानं नाटक आपल्यावर केलंय म्हनं. मग माझ्या संभाचं नाव घेतील का गं तितं? चारचौघांत कुनी कधी घेतलंच न्हाई." मी उठून आत गेले. म्हणून हे पत्र. तिला शाल देऊ नकोस. नारळ तर मुळीच नको, तो तिला मिळून झालाय. दाईला स्टेजवर ऊर बडवून रडू दे आणि यादीत तिच्या मुलाचं नाव घाल. तू माइकवर ते घेतलं नाहीस तर मी पहिल्या रांगेतून घेईन. जन्मभर वर्गात ओरडलेय, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल. चुकायला नको म्हणून पूर्ण लिहून देते: संभाजी ज्ञानदेव पोकळे. शुद्धलेखन मी तपासलंय.

नाडी बांधून देणारी, तुझीच,
मैना