तोंडात घातलेल्या बोटाबाबत

प्रति,
मा. पशुवैद्यकीय अधिकारी साहेब,
पशुवैद्यकीय कार्यालय.

विषय : नवजात पिल्लांच्या तपासणीची रीत एका व्यक्तीस आजच, समक्ष समजावून सांगण्याबाबत.
संदर्भ : न जगणाऱ्या पिल्लांना वेदना न देता मारण्याबाबत आपण शेडमध्ये दिलेले प्रशिक्षण.

महोदय,

१. अर्जदार ही वराहपालन केंद्रात विण्याच्या शेडमध्ये कामाला असून तिला सर्वजण मावशी म्हणतात. पूर्वी न जगणारी पिल्ले पाय धरून फरशीवर आपटत असत. ते आपण बंद केलेत, आपटणाऱ्यांची सर्वांसमक्ष खरडपट्टी काढलीत, आणि बिनगोळीची, डोक्यावर ठोका देणारी बंदूक आणून, पिल्लाला कळायच्या आत एका झटक्यात काम कसे करावे हे शिकवलेत. शिकून झाल्यावर बाकीचे गडी हळूच मागे सरकले आणि हे काम अर्जदाराच्या गळ्यात पडले. त्याबद्दल तक्रार नाही. कोणीतरी करायलाच हवे, आणि नीट करायला हवे.

२. बंदुकीआधी तपासणी असते. पिल्लाच्या तोंडात बोट घालून ते चोखते का पाहायचे. जोरात चोखले तर आईजवळ सोडायचे, मंद चोखले तर उबेत ठेवून नळीने दूध द्यायचे, आणि अजिबातच नाही, अंगही गार, तर सुटका. शेडमध्ये "मारणे" कोणी म्हणत नाही, "सुटका" म्हणतात. अर्जदाराची सून लग्नाआधी तिथेच खुराक वाटायला होती. ही रीत आणि हा शब्द तिला पाठ आहे. सगळा घोळ त्यानेच झाला.

३. सून बाळंत होऊन काल हट्टाने लवकर घरी आली. बाळ वेळेआधीचे, मुठीएवढे. अर्जदाराने हात साबणाने धुऊन बाळाला घेतले आणि, खरे सांगते साहेब, नकळत बोट त्याच्या तोंडात गेले. त्याच वेळी सुनेकडे बघून, कोणतीही सासू म्हणेल तसे, ती म्हणाली, "सुटका झाली गं बाई एकदाची." सुनेने अशी किंकाळी फोडली की शेजारपाजारचे धावत आले. बाळ हिसकावून तिने खोलीला आतून कडी लावली, ती अजून काढलेली नाही.

४. बाळाने बोट चोखले, पण फार मंद. म्हणून अर्जदार दाराबाहेरून घसा कोरडा करून सांगत आहे की त्याला परत दवाखान्यात न्या. सून आतून म्हणते, तुम्ही त्याचा निकाल लावून टाकलाय, आता दवाखान्याच्या नावाखाली त्याला बाहेर काढायचंय. अर्जदाराचा मुलगा दाराशी बसून दोघींचे निरोप आत-बाहेर करतो आहे. अर्जदार जितके जास्त बोलते तितकी कडी घट्ट होते. अहो, मी त्याची आजी आहे!

५. आपल्या लिपिकसाहेबांचे म्हणणे की माणसाचे बाळ हा या खात्याचा विषय नाही. मान्य. म्हणूनच वरील विषयात बाळाचा उल्लेख केलेला नाही. विनंती इतकीच की आपण घरी येऊन त्या दाराशी उभे राहून सुनेला सांगावे, की ते बोट मारण्यासाठी नसते, कोणाला वाचवता येईल हे आधी कळावे म्हणून असते. शेडमध्ये ती फक्त आपल्यालाच मानायची. हवे तर नातवाला यापुढे कधीही हात लावणार नाही असे अर्जदार लिहून देईल. पण आधी त्याला दवाखान्यात नेऊ द्या.

तरी सदर अर्ज आवकेच्या ट्रेमध्ये न ठेवता हातात असतानाच वाचावा.

आपली नम्र,
(सही) मावशी, विण्याची शेड
दिनांक : आज
सोबत : काही नाही. चपलासुद्धा न घालता निघाले.

ता.क. : सही करतानाच मुलाचा फोन आला. म्हणाला, "आई, काळजी करू नकोस. बाळ रडायचं थांबलंय. ती आतून सांगतेय, इतकं गाढ झोपलंय की दुधालासुद्धा उठत नाहीये." साहेब, पिल्लू दुधालाही उठेनासे झाले म्हणजे काय, हे तुम्हीच शिकवलंत ना? मी बाहेर बाकावर बसले आहे. गाडी काढा.