ओहोळाचा डावा फाटा

नाशिक, १४ नोव्हें. ७८
पेठच्या पुढे गुजरात हद्दीपर्यंत जाणाऱ्या रस्त्याचा नकाशा. साहेबांना आजच हवा. मूळ कागद जुना. घडीवर हद्दीची रेघ पुसलेली. तिथे ओहोळाला दोन फाटे. शिकताना सांगितलेले: रेघ दिसेना तर मोठ्या पाण्याने जा. डावा मोठा. रेघ डाव्याने नेली. खाली माझी सही. सा. म्हणाले, "हात स्वच्छ आहे."

३ मार्च ७९
रस्ता मंजूर, डाव्या फाट्यापर्यंत. चेनमन देवराम टेबलाशी उभा राहिला. मोजणीत साखळीचे दुसरे टोक तोच धरतो. दोन फाट्यांच्या मधल्या पाड्यात त्याची बहीण सोमी दिलेली.
"बाई, आमचा पाडा गुजरातमदी कदी गेला?"
"नकाशात तसंच आहे."
"नकाशात आसंल. पाडा हाय तितंच हाय."

४ मार्च
मूळ कागद भिंगाखाली घेतला. घडीत हद्दीच्या रेघेची तीन टिंबे उरलेली. उजव्या फाट्यावर. पाडा आपल्याकडचा. चूक माझी.

२० मार्च
सा.ना सांगितले. दार लोटून घेतले त्यांनी.
"आता फिरवलं तर अख्खा रस्ता लटकेल. पुढच्या खेपेला बघू."
लेखी देते म्हटले.
"द्या. पण तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत, तेवढं लक्षात ठेवा."
दिले नाही.

२९ मे
ओहोळापर्यंत माती-मुरूम झाला. जीप जाते. पाडा तिथून तीन कि.मी., पायवाट.

१९ जुलै
सोमी गेली. लावणीत साप चावला. झोळीत घालून आणत होते. जीप अलीकडे उभी होती, ओहोळाला पाणी. उतार पडेपर्यंत

पाडा आपल्या हद्दीत दाखवला असता तर ओहोळावर मोरी धरली असती. पावसाआधी झाली असती का, ठाऊक नाही. जीपने वाचली असती का, तेही नाही. ही दोन वाक्ये खोडली होती. पुन्हा लिहिली.

२७ जुलै
दे. कामावर आला. डोके भादरलेले. माझ्यासाठी फडक्यात नागलीच्या भाकरी, घरून. जेवताना म्हणाला, "नकाशा कोन काढतं, बाई?"
"ऑफिस."
भाकरी संपवली. टाकवेना.

१७ ऑक्टो., वाघबारस
रजा. साखळी घेऊन दे.बरोबर पाड्यावर गेले. आज शिवेवर वाघदेव पुजतात. लाकडी खांब, त्यावर वाघ, चंद्र, सूर्य. ताजा शेंदूर. उजव्या फाट्याच्या काठावर.
"ही आमची शिव. फुडं त्यांचा मुलूख."
सोमीचा नवरा नारळ फोडत होता. मला बघून म्हणाला, "या, सरकार! आमी कंच्या राज्याचे, सांगा तरी. मत मागाया तुमचेच येतात. रस्ता म्हनलं की आमी तिकडचे!"
लोक हसले. दे. हसला नाही.
खांबापासून डाव्या फाट्यापर्यंत मोजले. न सांगता त्याने दुसरे टोक धरले. शेवटचे माप लिहून घेतले आणि म्हणाले, "देवराम, तो नकाशा मी काढला होता. चूक माझी."
तो साखळी गोळा करत होता. कडीवर कडी बसवत राहिला.
"मंग त्या दिशी ऑफिस का म्हनलात?"
मापांची वही मिटली.
"चला. येष्टी चुकंल."
एरवी साखळी खांद्यावर टाकून मागून चालतो. आज पुढे चालला. वळून पाहिले नाही.

१९ ऑक्टो.
मोजमाप, आराखडा, कबुली, तिन्ही दिले. पूर्ण सही. सा.नी वाचले, पेपरवेटखाली ठेवले. "दिवाळीनंतर बघू. तुमचंही."

२३ ऑक्टो.
काल भाऊबीज. दे. आज आला नाही. रजेचा अर्ज नाही. सा.च्या टेबलावर पेपरवेट, त्याखाली माझे कागद, तसेच.

कोपऱ्यातल्या खुंटीवर साखळी. तेल दिलेली, आवळून बांधलेली. माझ्या टोकाची पितळी मूठ वर काढून ठेवलेली, नेहमी ठेवतो तशी. सुट्टीआधी मुद्दाम येऊन ठेवली, की वाघबारशीलाच पाड्याहून आल्यावर हाताच्या सवयीने, कळत नाही. शिपायाला विचारता आले असते.

विचारले नाही. पाच वाजेपर्यंत दाराकडे बघत होते.