ढिगात थंड झालेलं पोलाद

बाबा,

आज कॉलेजात मुलांना पोलाद थंड कसं करायचं ते शिकवलं. हसाल तुम्ही. त्या सकाळीही हसला होतात.

तुम्ही त्या खाजगी कारखान्यात फोर्जिंग शॉपचे फोरमन, मी तिथल्याच लॅबमध्ये नवी. ट्रॅक्टरच्या एक्सलसाठी वेगळं पोलाद आलं होतं, चिमूटभर व्हॅनेडियम घातलेलं. जुन्या पोलादाचे लालभडक नग तुम्ही एकावर एक टाकायचात. ते कसेही थंड झाले तरी चालायचं, कारण पुढे पुन्हा तापवून तेलात बुडवले की बळकटी यायची. या नव्याला तेल नव्हतंच. घणाखालून निघाल्यावर ते हवेत कसं थंड होतं, त्यावरच त्याची सगळी ताकद ठरायची. मी सांगायला आले, "बाबा, नग सुटेसुटे ठेवायला लागतील."

"काहून? थंडच व्हायचं आहे ना शेवटी!" तुम्ही म्हणालात, आणि कामगारांकडे वळून, "चलो भैया, बिटिया के लिए पंखा लगाओ." सगळे हसले. मी परत फिरले.

ढिगाच्या आतले नग फार हळू निवले आणि मऊ निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाचे दाणे जाडेभरडे दिसत होते. ताकद देणारे व्हॅनेडियमचे बारीक कणही वाढून निकामी झाले होते. पूर्ण पाळीचा माल बाद. तुमच्या निवृत्तीला सहा महिने उरलेले. चौकशीत तुम्ही एवढंच म्हणालात, "पोरीनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." ते सहा महिने तुम्ही स्टोअरमध्ये काढलेत, भट्टीपासून लांब.

चौकशीच्या संध्याकाळी तुम्ही खव्याची जिलेबी घेऊन आलात. स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून पुडा सोडताय, आईला सांगताय, "आपली पोरगी बरोबर निघाली." मग सहज मला विचारताय, "त्या दिवशी दुपारी आली होतीस का गं शॉपमध्ये? कोणी तरी म्हणून राहिला होता."

"नाही बाबा, लॅबमध्येच होते."

हे पत्र आईलाही दाखवणार नाही. मी आले होते, बाबा. दारातून तो ढीग पाहिला. अर्धी पाळी अजून बाकी होती. एका शब्दानं निम्मे नग वाचले असते, कदाचित तुमची भट्टीही. मनात म्हटलं, होऊ दे, कळेल त्यांना.