कोण पाहिजे आपल्याला?

प्रिय ताई,

प्रिय लिहिलं ते सवयीनं. डोकं अजून तापलेलंच आहे, तेव्हा पुढचं वाचताना मनाची तयारी ठेव.

तुझा निरोप पोचला. बाबा रोज आठवण काढतात, धाकट्यानं एकदा तरी तोंड दाखवून जावं असं म्हणतात. ते वाचलं आणि हातातली काच निसटून फुटली. हो, काच. मी सध्या चष्म्याच्या दुकानात आहे. बेकरी सोडली, तिथला मालक पावापेक्षा जास्त फुगायचा. त्याआधी रंगकाम केलं, पण शिडीवरून पडल्याची गोष्ट मोठी आहे, ती नंतर. इथं मागच्या खोलीत घासायचं चाक आहे. त्यावर पाणी सोडून काचा फ्रेमच्या मापाला आणायच्या. दिवसभर बोटं गारठतात आणि नखांत पांढरा लगदा बसतो. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणतो. माणूस बरा आहे, फक्त शिंकला की अख्खं दुकान हलतं. बघ, भरकटलो. तू म्हणायचीस ना, भोवऱ्याला दोरी कुणी बांधावी.

तर तोंड दाखवण्याचं. ते मी दाखवलं होतं, ताई. चार वर्षांनी, या उन्हाळ्यात. दार उघडंच होतं. बाबा दाराकडे तोंड करून आपल्या खुर्चीत, समोर चर्चच्या मंडळीचे तिघे पंच, तिघेही मला नवीन. तू चहाचा ट्रे घेऊन उभी. मी खांद्यावर पिशवी आणि तोंडावर ही एवढी दाढी घेऊन उंबऱ्यात थांबलो. मुद्दाम बोललो नाही. चार वर्षांपूर्वी मला घरातून घालवून देताना शब्द त्यांचा शेवटचा होता, तर आता पहिलाही त्यांचाच असू दे म्हटलं. त्यांनी मान जरा वळवली, हनुवटी खांद्याकडे नेली, दारावर आलेल्या विक्रेत्याकडे बघावं तसं तिरकं बघितलं, आणि विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

आपल्याला. जन्मात ज्याला 'अरे गाढवा' याखेरीज हाक मारली नाही, त्याला.

मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि मग ट्रेकडे. तो जाडा पंच म्हणाला, चुकून आला असेल कुणीतरी. मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा मागून कप ठेवल्याचे आवाज येत होते, एकेक, अगदी व्यवस्थित.

तेव्हापासून मी बाबांना शिव्या देत हिंडलो. ज्याला त्याला सांगितलं की आमचे वडील पाळक आहेत, जगाला क्षमा वाटतात आणि पोटच्या पोराला ओळख देत नाहीत. लोकांना हे ऐकायला फार आवडतं, कुणीही चहा पाजतं.

मागच्या आठवड्यात दुकानात एक म्हाताऱ्या बाई आल्या, निवृत्त शिक्षिका. काका समोर बसून विचारत होते, माझा चेहरा दिसतो का. बाईंनी मान वळवली, हनुवटी खांद्याकडे नेली आणि तिरकं बघितलं. अगदी तसंच. मी चाक चालू ठेवून बाहेर आलो. त्या गेल्यावर काकांनी समजावलं. नजरेचा मधला भाग गेला की माणूस कडेनं बघायला शिकतो. दार दिसतं, दारात कुणी उभं आहे हेही दिसतं. चेहरा तेवढा दिसत नाही.

मग सगळं जागेवर बसलं. बाबा हल्ली शास्त्रपाठ वाचत नाहीत, पाठ म्हणतात, मंडळी भारावून जाते, असं तूच कळवलं होतंस. उपासनेनंतर तू त्यांचा हात धरून पायऱ्या उतरवतेस आणि लोक म्हणतात, काय गुणाची पोर. मी खुळा तुझं कौतुक करत बसलो.

बायबलातला योहानाचा नववा अध्याय त्यांचा लाडका, येशू जन्मांधाच्या डोळ्यांना चिखल लावून दृष्टी देतो तो. आई होती तेव्हा आपल्याकडून त्याचं नाटक करून घ्यायचे, आठवतं? जन्मांध नेहमी मीच, डोळ्यांवर चिखल थापणार तू. आणि शेवटी बाबांचा तो गडगडाट, की आंधळे असता तर पाप नसतं, आम्हाला दिसतं म्हणता म्हणून ते राहतं. परूश्यांवर, त्या धर्माचा ताठा मिरवणाऱ्यांवर, केवढे तुटून पडायचे. स्वतःला दिसत नाही हे मात्र त्यांना तिघा पंचांपुढे सांगवत नाही.

घर मंडळीचं आहे, कळतं मला. पद गेलं तर छप्पर जाईल. त्या आंधळ्याच्या आईबापांनाही हेच भय होतं, की सभास्थानातून काढतील. म्हणून याला दिसू कसं लागलं असं परूश्यांनी विचारल्यावर म्हणाले, तो वयात आलाय, त्यालाच विचारा. लहानपणी मी त्यांना भित्रट म्हणून हसायचो. पण ताई, ते निदान एवढं तरी म्हणाले, की हा आमचा मुलगा आहे. तू तेवढंही बोलली नाहीस.

कृपा कमावता येत नाही, रिकाम्या हातावर पडते, हे बाबांचंच वाक्य. मग हात रिकामा आहे हे सांगायची लाज का? तो चिखल तरी कुठं स्वच्छ होता, थुंकीत कालवलेला. त्या माणसानं चारचौघांत लावून घेतलाच ना.

काकांनी ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरिणीशी बोलून ठेवलंय. त्या म्हणतात, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. गेलेलं बहुधा परत येत नाही, पण उरलेलं राखता येईल, आणि तेही लवकर आलात तर. तुम्ही दोघं लपवता आहात तोवर ते उरलेलंही जातंय. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी उपासना सुटताना मी पायऱ्यांशी उभा असेन. तोंडातून शब्द काढणार नाही. बोललो तर ते आवाजावरून ओळखतील आणि तू सुटशील. ते मान वळवतील, कोण आहे म्हणून विचारतील. तेव्हा पंचांदेखत तू सांगायचंस की बाबा, हा आपला धाकटा आहे, आणि तुम्हाला तो दिसत नाहीये. दोन्ही सांगायचंस. छपराचं मग बघू, माझे हात चालतात. नाही बोललीस तर मी तिथंच उभा राहीन, या खेपेला परत फिरणार नाही. आणि दाढी काढून येतोय. बाबांसाठी नाही. तू ओळखलं नव्हतंस, असं तुला म्हणता येऊ नये म्हणून.

अजून तरी तुझाच,
भोवरा