दलदलीतली ऑर्किडं

बाबा,

मी ठणठणीत आहे, डासांनी फोडून काढलंय तेवढंच. तुमचा गुडघा कसा आहे?

इथल्या दलदलीतल्या गुलाबी ऑर्किडांवरचा माझा लेख तुम्ही शेजाऱ्यांना वाचून दाखवलात ना? आज पुन्हा तिथे गेले. एक रोप उरलेलं नाही, नुसते खड्डे! एक बाई शेवटचं रोप टोपलीत ठेवत होती. मला ओळखून म्हणाली, "अय्या, मारित हालव्हर्सन ना तुम्ही? काय सुरेख लिहिता हो! त्या लाकडी पुलाची खूण दिलीत म्हणून जागा सापडली, नाहीतर बसलो असतो भटकत."



बाबा, आपल्या घुबडांवरचा लेख पुढच्या रविवारी येतोय. अंक छापून झालाय. त्यात ती राहतात ते आपलं लाल कोठार आहे, गावाचं नावसुद्धा. पत्र मिळताच फाटकाला कुलूप घाला.

तुमची,
मारित