डावं फूल

बाबा,

आज शुक्रवार, कामाला सुट्टी. खोलीतली बाकीची माणसं बाजारात गेलीत आणि मी मस्कतच्या ह्या पत्र्याच्या खोलीत पेटीवर वही ठेवून बसलोय. सकाळी ताईचा फोन आला होता. माझं नाव लागलं होतं त्याच खाजगी शाळेच्या यादीत तिच्या मुलाचं नाव लागलंय. मार्कांवर, सगळी फी माफ. खूश होती. बोलता बोलता म्हणाली, मी काय बाबांसारखी देवीला कौल लावायला जाणार न्हाय हां, बाबांनी तुझं वाटोळं केलं तसं मी पोराचं करणार न्हाय. रागानं नाही बोलली. आपल्या घरात आता ते असंच बोलतात, विहीर कधी खणली ते सांगावं तसं. मी इकडून नुसतं 'हं' केलं. तेव्हापासून ते 'हं' डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. नववीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, समजून घ्या.

गुरुजींनी त्या शाळेचा फॉर्म आपल्या पडवीत बसून भरला होता. तुम्ही चिरेखाणीवरून नुकते आलेले, भुवयांपर्यंत लाल धूळ. कागद खराब होईल म्हणून सही करायच्या आधी तुम्ही दोनदा हात धुतलेत, तरी कोपऱ्यावर अंगठा उठलाच. तुम्ही ओशाळलात. गुरुजी म्हणाले, असू द्या, कष्टाचा शिक्का आहे तो. फोटोसाठी त्यांनी स्वतःच्या मुलाचा शर्ट आणला होता. मला तो ढगळ, मग मागून कपड्याचा चिमटा लावून फोटो काढला. नंतर मी शर्ट परत द्यायला गेलो तर घेतलाच नाही. म्हणाले, मोठा होशील तेव्हा बरोबर होईल.

परीक्षेला आपण पहिल्या एसटीनं रत्नागिरीला गेलो. पेपर सोपा होता. पेपरानंतर एकेकाला आत बोलावत होते, तुम्ही बाहेर बदामाच्या झाडाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. आत एक मॅडम, हसऱ्या. त्यांनी इंग्लिशमधून विचारलं, वडील काय करतात. प्रश्न मला कळला होता, बाबा. पण चिरेखाणीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते येईना, आणि दुसरं काही सुचेना. मी टेबलावरच्या घंटीकडे बघत उभा. मागे उघड्या दारात रांगेतला पुढचा, बूट घातलेला एक मुलगा होता, तो फिसकन हसला. मॅडम मराठीत म्हणाल्या, घाबरू नकोस हं बाळा. तो हसला त्यापेक्षा हे 'बाळा' मला जास्त लागलं. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, काय विचारलानी? मी म्हटलं, नाव. नीट सांगितलंस ना? सांगितलं. मग स्टँडवर तुम्ही मला भजी खायला घातलीत आणि स्वतः नुसता चहा घेतलात.

यादी लागली तेव्हा गुरुजी मला मोटरसायकलवर मागं बसवून थेट खाणीवर आले. नाव मार्कांवर घेतलं होतं, बोलण्यावर नाही. शनिवारपर्यंत संमतीचा कागद नेऊन द्यायचा आणि जूनपासून तिथंच वसतिगृहात राहायचं. कागद गेला नाही तर जागा पुढच्या मुलाला. चिरे कापायचं मशीन बंद झालं, सगळे गोळा झाले. कुणीतरी मला म्हणालं, आता बापाला ओळख देशील ना रे, का इंग्लिशमध्ये विचारशील हा कोण म्हणून? तुम्ही हसत होतात. आणि हसतच म्हणालात, गुरवारी देवीला विचारू नि शुक्रवारी कागद देऊ. आपल्याकडे विहीर देवीला विचारून खणली, ताईचं लग्न देवीला विचारून ठरलं. गुरुजी घाटावरचे. त्यांना वाटलं, नारळ-बिरळ फोडायचा असेल. देवी नको म्हणेल असं तुमच्याही मनात नव्हतं. पेढे आदल्या दिवशीच आणून ठेवले होते.

देवळात गार आहे. गुरव देवीला पाणी घालतो, दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. ह्या लेकराला शिकायला रत्नागिरीस धाडायचं हाय, धाडायचं असंल तर उजवं दे, नसंल तर डावं. तुम्ही हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणताय. मी तुमच्या मागं उभा आहे, डोळे मिटून, आणि मनात एकच चाललंय. डावं पाड. आई, डावं पाड.

तुम्ही एकटे पडाल म्हणून मी तसं मागितलं, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आई गेलेली, ताई सासरी, घरात आपण दोघंच, त्यामुळे ते खरंही वाटायचं. पण ते खोटं आहे. मला त्या घंटीसमोर परत उभं राहायचं नव्हतं, एवढंच.

डावं पडलं. तुम्ही हात जोडलेले तसेच. गुरवालाच वाईट वाटलं, म्हणाला, परत लावू काय? तुम्ही म्हणालात, "एकदा विचारल्यावर परत काय विचारायचं? ती काय आपली नोकर हाय?" घरी आल्यावर पेढ्यांचा पुडा तुम्ही शेजारी देऊन टाकलात. कशाचे म्हणून विचारलं त्यांनी, तर म्हणालात, असेच.

शुक्रवारी संध्याकाळी गुरुजी आले. एवढे चिडलेले मी त्यांना वर्गातही पाहिलं नव्हतं. बसलेसुद्धा नाहीत. "देवीला काय विचारताय? पोराला विचारा की!" तुम्ही हळूच माझ्याकडे वळलात. "काय रे, जायचंय तुला?"

बाबा, त्या वेळचा तुमचा चेहरा मला दिसतो. मी नुसती मान हलवली असती तर तुम्ही देवीचाही शब्द मोडला असतात. कागद फळीवरच होता, सकाळची एसटी होती. मी म्हटलं, "देवी सांगंल तसं." गुरुजी माझ्याकडे बघत राहिले, मग चपला घालून गेले. त्यांना कळलं असावं. तुम्हाला नाही कळलं. उलट तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात, पोरगं शहाणं आहे म्हणून.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. नववीत सोडली. मग गणपतीपुळ्याला हॉटेलात, मग सुरत, मग गोव्यात बोटीवर, आता इथं एसीच्या हवेचे पत्र्याचे पाइप बसवतो. एका जागी माझा जीव लागत नाही. दर वेळी काम सोडून पिशवी घेऊन दारात आलो की वाटायचं, आज तरी तुम्ही शिव्या घालाल. तुम्ही फक्त म्हणायचात, जेवलास काय? शिमग्यात पालखीला खांदा देणं तुम्ही बंद केलंत. पालखी दारात आली की ओटी भरायचात, पुजायचात, पण खांद्यावर घ्यायला कधी पुढं नाही झालात. गावाला वाटलं, गुडघे गेले.

आणि मग ती रत्नागिरीच्या दवाखान्यातली दुपार. खाणीच्या धुळीनं तुमची छाती भरलेली. तोंडावरचा मास्क बाजूला करून तुम्ही म्हणालात, "माझं चुकलं रे. फुलाचं ऐकलं मी. तू लहान होतास, तुला काय कळत होतं?" ताई पायाशी उभी, रडत होती. तेव्हा सांगायला हवं होतं. वेळ होता, तुम्ही आणखी दोन दिवस होतात. मी तुमचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "जाऊ दे बाबा. माझ्या मनात काय न्हाय."

माफ केलं मी तुम्हाला. तुम्ही मास्क परत लावलात आणि डोळे मिटलेत, बरं वाटल्यासारखं.

ही पानं फोटो काढून ताईला पाठवायची, असं लिहायला बसताना ठरवलं होतं. नाही पाठवणार. इथं कुणी विचारतं, एवढं डोकं आहे तुला, शिकला का नाहीस? तेव्हा मी सांगतो, बापानं देवीला कौल लावला. माणसं हळहळतात, चहा पाजतात. दुसरं काही सांगायला माझ्याकडे नाही, बाबा.