दाराआडचा कोयता

दिघी,
ता. १९ सप्टेंबर १९७५

चि. भिवा यास सोजराअक्काचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सर्व ठीक आहोत, तिकडची खुशाली कळव. लिहायची रीत म्हणून लिहिलं. खरं म्हणजे तुझं पत्र काल आलं आणि तेव्हापासून चूल पेटवलेली नाही.

तू लिहिलंस, शेजारच्या तानुबाईला कांद्याच्या वाफ्यात जनावर चावलं आणि तू तिची करंगळी कोयत्याने उडवलीस. ‘अक्का, तू मला वाचवलंस तसं मी तिला वाचवलं.’ वर हेही लिहिलंस की आता कोयता धार लावून दाराआड ठेवलाय, पोरं रानात असतात, वेळ काय सांगून येते?

मेल्या, जनावर कसं होतं तेही तूच लिहिलंयस. पाच हात लांब, सडपातळ, पिवळट, ओठांवर काळ्या रेघा, मारायला धावलास तर बांधावरून बाणासारखं गेलं. ती धामण रे! तिला विष नसतं. बिचारी तुमच्या कांद्यातले उंदीर खायला आली होती. तानुबाईची करंगळी फुकट गेली.

हे मला कुणी शिकवलं, असं विचारशील. तेच सांगायला बसले आहे. सकाळपासून तीन कागद फाडले.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. सोमवारपासून तू पिंपरीच्या कंपनीत लेथवर लागणार होतास. शनिवारी आपण इथल्या लष्कराच्या तारेच्या कुंपणाजवळ सरपणाला गेलो. गवतातून ते जनावर पळालं आणि तू, शहाणा, त्याची शेपटी धरलीस. ते उलटलं, हातभर उभं राहिलं, मान चपटी केली आणि तुझ्या दोन बोटांना डसलं. मी ‘नाग, नाग’ म्हणून किंचाळले. आधी त्याला ठेचलं. मेलं तरी माझा हात थांबेना. मग तुझं मनगट दगडावर गुडघ्याने दाबलं. तू म्हणत होतास, “अक्का, नको गं, अक्का!” मी तुझ्या कानफटात मारली. कोयत्याच्या पहिल्या घावाला हाड तुटलं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला दोन्ही बोटं गेली.

तुला दवाखान्यात पोचवून सांजेला परत आले, तर गुरं राखणारा म्हातारा चिमाजी ते मेलेलं जनावर काठीने उलथंपालथं करत होता.

“सोजरे, नाग कुठला? मान पसरली तरी ह्याला फडा न्हाई, मागं दहाचा आकडा न्हाई. धूळनागीण हाय ही. लई पळती, भ्या दावती, चावती बी. पन इख न्हाई हिच्यात.”

मी त्याचे पाय धरले. म्हटलं, “बाबा, कुठं बोलू नका.” तो बोलला नाही. जनावर मी खड्डा खणून त्यात जाळलं. तुझी बोटंही त्याच खड्ड्यात पुरली.

सोमवारी कंपनीच्या माणसाने तुझा हात बघून तुला दारातूनच परत पाठवलं. तू गावी गेलास. इकडे वस्तीतल्या बाया म्हणायच्या, बहीण असावी तर सोजराबाईसारखी. मला ते गोड वाटायचं रे, खोटं कशाला बोलू? दर दिवाळीला तू येतोस, त्याच तीन बोटांच्या हाताने मला लुगडं देतोस, पाया पडतोस. मी आशीर्वाद देते आणि मागे जाऊन ओकते.

चिमाजी गेला. मीही गप्पच मेले असते. पण माझं खोटं आता तुझ्या हातातून बायामाणसांवर घाव घालतंय. उद्या पोरांची पाळी.

म्हणून ऐक. जनावर ओळखू येवो न येवो, विषारी असो नसो, कापायचं नाही. चावलेल्या माणसाला चालू देऊ नकोस, गाडीत घाल आणि थेट सरकारी दवाखान्यात ने. कोयता आजच दाराआडून काढ. रविवारी मी येते. तानुबाईच्या पाया पडायला आधी मी जाणार, तू मागून ये.

नंतर मला काय मारायचं ते मार. मी हात आडवा घालणार नाही.

तुझा जीव न वाचवता वाचवल्याचा मान घेतलेली,
तुझी अक्का
सोजरा